पर्स पॅरिसात राहिली, तुम्ही म्युनिकला जा

सप्रेम नमस्कार ताई,

आम्ही दापोली तालुक्यातले, आंब्याची बाग आहे. गणपती झाल्यावर ऑक्टोबरात एका टूरबरोबर युरोप पाहून आलो, आयुष्यात पहिल्यांदा. पॅरिसला आयफेल टॉवरखाली दोन मुली कागद लावलेला पुठ्ठा घेऊन आल्या. खुणेनेच म्हणाल्या, मुक्या-बहिऱ्या मुलांसाठी सही द्या. मी वाचायला पर्समधून चष्मा काढला, सही केली. त्या गेल्यावर पर्स हलकी लागली म्हणून बघितलं तर साडेतीनशे युरो, बँकेचं कार्ड आणि गोळ्यांची डबी गायब. फोन ह्यांच्या हातात होता आणि दोघांचे पासपोर्ट ह्यांच्या गळ्यातल्या पिशवीत, म्हणून वाचले. टूर मॅनेजर म्हणाला, पोलिसांत अर्धा दिवस जाईल, बस थांबणार नाही. कार्ड रात्री हॉटेलवर पोचल्यावर बंद केलं. तोवर तीन वेळा वापरून साधारण पंधरा हजार रुपये गेले होते. इथे येऊन बँकेत विचारलं तर म्हणाले, ते काही परत मिळणार नाहीत.

तेव्हापासून ओटीवर कोणीही आलं की ह्यांचं सुरू होतं, 'हिची सही साडेतीनशे युरोची आहे.' सगळे हसतात, मीही हसते. आता फेब्रुवारीत लेकीचं बाळंतपण आहे, म्युनिकला. तेव्हा मोहोर आणि फवारण्या, त्यामुळे हे येऊ शकत नाहीत. मला एकटीला जावं लागेल. हे म्हणतात, या वेळी पासपोर्टही देऊन येशील. खरं सांगायचं तर हल्ली दापोलीच्या बाजारातसुद्धा मी पर्स छातीशी धरून फिरते. लेकीला यातलं काही सांगितलेलं नाही. जाऊ की नको?

– एक वाचक, दापोली तालुका

*

जा.

उत्तर आधी देऊन टाकलं, म्हणजे बाकीचं तुम्ही निवांत वाचाल. मला ताई म्हणालात, म्हणजे रागवायचा हक्क दिलात. तो मी पुढे वापरणार आहे, पण त्या सहीवरून नाही.

आधी सहीचंच बोलू, कारण पैशांपेक्षा तीच टोचतेय असं पत्रावरून दिसतं. जिथे तुमची पर्स हलकी झाली, त्याच आयफेल टॉवरच्या कर्मचाऱ्यांनी २२ मे २०१५ रोजी काम बंद ठेवलं होतं. पगारवाढीसाठी नव्हे. खिसेकापूंच्या टोळ्या इतक्या माजल्या होत्या, हटकायला गेलं तर उलट कर्मचाऱ्यांनाच धमकावत होत्या, की बंदोबस्त वाढवल्याशिवाय आम्ही दार उघडणार नाही म्हणून ते बसले. त्याआधी दोन वर्षं, १० एप्रिल २०१३ ला, लूव्र संग्रहालय याच कारणासाठी बंद राहिलं. मोनालिसा बघायला आलेली माणसं बाहेरच्या बाहेर परत गेली. रोज तिथे उभी राहणारी, त्या टोळ्यांना चेहऱ्याने ओळखणारी माणसं जिथे टेकीला आली, तिथे दोन दिवसांसाठी गेलेल्या बाईने पहिल्या झटक्यात ओळखायला हवं होतं, असं तुमच्या यजमानांचं म्हणणं आहे का? एवढा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा. ओटीवर, चार माणसं असताना.

तुमची बाग आहे म्हणजे वानरांबद्दल तुम्हाला सांगायला नको. माझं माहेर राजापूरकडचं. सुट्टीत आम्हा पोरांना राखणीला बसवायचे. हुप्प्या समोरच्या गडग्यावर येऊन दात विचकायचा. आम्ही सगळी गलोल घेऊन त्याच्यामागे, आणि तेवढ्यात मागच्या कलमावरून पाच-सहा वानरं उतरलेली असायची. अर्ध्या कैऱ्या पोटात, अर्ध्या नुसत्या चावून फेकलेल्या. हुप्प्याच्या हाताला त्या वेळी एक कैरी लागायची नाही. त्याचं काम आमचे डोळे आपल्याकडे बांधून ठेवायचं.

पुठ्ठा घेऊन आलेली मुलगी म्हणजे तो हुप्प्या. तिने तुमच्या पर्सला हातही लावला नसेल. पुठ्ठा मुद्दाम पोटाच्या उंचीला, पर्सच्या वर धरतात, म्हणजे खाली काय चाललंय ते दिसत नाही. पेन हातात दिलं की एक हात अडकला, वाचायला मान खाली घातली की डोळे अडकले. आणि तुमच्या बाबतीत तर चष्मा काढताना चेनही तुम्हीच उघडलीत. साठीच्या आसपासची माणसं ते सोयीचं गिऱ्हाईक असतात ते याचमुळे, चष्म्याशिवाय आपल्याला सही करता येत नाही! काढणारी वेगळीच असते, बाजूला, आपल्यासारखीच पर्यटक दिसणारी. काढलेलं तिच्याकडेही राहत नाही, पुढच्या क्षणी तिसऱ्याच्या हातात जातं. म्हणून त्या मुलींना तुम्ही धरून ठेवलं असतं तरी त्यांच्या अंगावर काही सापडलं नसतं. मागे धावला नाहीत हे उत्तम केलंत. (बालीत उलुवातूच्या देवळातली माकडं पर्यटकांचे चष्मे पळवतात आणि खाऊ हातात पडेपर्यंत परत देत नाहीत. कोण कोणाकडून शिकलं, देव जाणे.)

या हुप्प्याची सोंगं बरीच आहेत. पायाशी पितळी अंगठी 'सापडते' आणि ती तुमचीच का म्हणून विचारतात. पॅरिसलाच मोंमार्त्रच्या टेकडीवर, त्या पांढऱ्या चर्चच्या पायऱ्यांवर, हात धरून मनगटाला रंगीत दोरा बांधतात. खांद्यावर काहीतरी सांडतं आणि पुसायला एक दयाळू माणूस लगेच हजर होतो. सरकत्या जिन्यावर पुढचा अचानक थांबतो. मेट्रोचं दार मिटता मिटता कोणी हातातला फोन ओढून उतरतो. रोममध्ये टर्मिनी स्टेशनवरून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस तर यासाठी बदनामच आहे. एकेक सोंग पाठ करू नका, भीती तेवढी वाढेल. खूण एकच धरा. अनोळखी माणसाने थांबवलं, अंगाला हात लावला किंवा काही हातात दिलं, की आधी आपला हात पर्सवर आणि मग डोळे त्याच्याकडे. चालणं थांबवायचं नाही. उत्तर द्यायचं नाही. हे आपल्याला फार जड जातं, मला कळतं. दारात आलेल्याला गूळपाणी विचारल्याशिवाय आपण पाठवत नाही, आणि तिथे मुक्या मुलीसमोरून नुसती मान हलवून निघून जायचं. तरी जायचं. दान करायचंच असेल तर घरी येऊन, पावती घेऊन करा.

साध्या कपड्यातला कोणी 'पोलीस आहे' म्हणाला आणि खोट्या नोटा तपासायला पाकीट दाखवा म्हणाला, तर पाकीट काढायचं नाही. भर रस्त्यात पाकिटातल्या नोटा मोजायला खरा पोलीस मागत नाही. 'ठाण्यात चला, तिथे दाखवते' म्हणायचं आणि जवळच्या दुकानात शिरायचं.

आणखी एक. टूरमधल्या कोणीतरी तुम्हाला सांगितलंच असेल की अमुक जमातीची माणसं दिसली की सावध व्हा. ते मनावर घेऊ नका. एकतर ते अन्यायाचं आहे. दुसरं म्हणजे त्याचा उपयोग नाही. चेहऱ्यांवर लक्ष ठेवणारा माणूस कोट-टाय घातलेल्या खिसेकापूला स्वतःहून जागा करून देतो. माझं पाकीट मारलं गेलं ते परदेशात नव्हे, दादरच्या फुलबाजारात, गणपतीच्या आदल्या दिवशी, आणि मारणारी बाई माझ्यासारखीच दुर्वांच्या जुड्या निवडत होती. तिने मला चांगली जुडी निवडूनही दिली. वर भाव कसा कडाडलाय म्हणून दोघी मिळून हळहळलो.

आता पंधरा हजारांचं. मी तीस वर्षं बँकेच्या काउंटरला काढली. 'मिळणार नाहीत' हे दोन शब्द गिऱ्हाइकाला परत पाठवायला फार सोपे असतात, मीही ते वापरलेत, म्हणून मला त्यांची किंमत माहीत आहे. ते ऐकून घरी येऊ नका.

काय झालं असणार ते आधी समजून घ्या. युरोपात कार्ड मशीनवर नुसतं टेकवलं की सहसा ५० युरोपर्यंत पिन लागत नाही. तीन वेळांत साधारण पंधरा हजार, म्हणजे प्रत्येक वेळी पन्नास युरोच्या आसपास. चोराला तुमचा पिन माहीत नव्हता, त्याला लागलाच नाही. हे तुमच्या बाजूचं आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला काढलेल्या परिपत्रकात म्हटलं आहे की चूक ना बँकेची ना गिऱ्हाइकाची, तिसऱ्याच कोणाची असेल, आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत गिऱ्हाइकाने कळवलं असेल, तर त्याने काही भरायचं नाही. चार ते सात दिवस लागले तर त्याच्यावर ठरावीक मर्यादेपर्यंतच बोजा. तुम्ही तर त्याच रात्री कळवलंत. बँक म्हणेल, तुमचा निष्काळजीपणा. म्हणू दे. गिऱ्हाइकाची जबाबदारी आहे हे सिद्ध करण्याचं ओझं त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकलं आहे. पिन कोणाला सांगणं हा निष्काळजीपणा. चोरट्याने पर्समधून कार्ड काढणं हा निष्काळजीपणा आहे की नाही, यावर वाद घालता येतो आणि घालावा.

तेव्हा असं करा. कार्ड बंद करताना मिळालेला तक्रार क्रमांक आणि वेळ शोधून काढा, फोनमध्ये संदेश असेल. तीन व्यवहारांच्या वेळा लिहा. साध्या कागदावर अर्ज करा, दोन प्रतींत, आणि एकीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. पैसे मिळतीलच असं मी म्हणत नाही. पोलिसांचा कागद हातात असता तर बाजू आणखी भक्कम झाली असती.

इथे मला रागवायचं आहे, पण निम्मा राग टूर मॅनेजरवर. बस थांबणार नाही हे खरं असेल, पण टूरबरोबर आलेल्या बाईची चोरी होते आणि तो घड्याळ दाखवतो, हे काही बरोबर नाही. फ्रान्समध्ये कुठल्याही पोलीस ठाण्यात, त्याला ते कोमिसारिया म्हणतात, तक्रार देता येते, जिथे चोरी झाली तिथेच द्यावी लागते असं नाही. रात्री हॉटेलजवळच्या ठाण्यात गेला असतात तरी चाललं असतं. त्या कागदाने चोर सापडत नाही, पण विमा, बँक आणि दूतावास, तिघेही पहिल्यांदा तोच मागतात. बहुतेक विमा कंपन्यांना तो चोवीस तासांच्या आतला लागतो. साडेतीनशे युरो मात्र आता विसरा. प्रवासविम्यात हातातली रोकड सहसा नसतेच. युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी तीस हजार युरोंचा जो विमा काढावा लागतो, तो आजारपणासाठी असतो. लोकांना वाटतं त्यात सगळं आलं. पॉलिसी हातात आली की 'वगळलेल्या गोष्टी' हे पान आधी वाचा.

आता यजमानांच्या गळ्यातल्या त्या कौतुकाच्या पिशवीकडे येते. त्यात दोघांचे पासपोर्ट होते. पैसेही असतील, त्यांचं कार्डही असेल. ती दोरी तुटली असती, किंवा हॉटेलच्या न्हाणीघरात खुंटीला राहिली असती, तर तुम्ही दोघं एकदमच लंगडे झाला असतात. ते वाचले ते नशिबाने, व्यवस्थेने नव्हे. त्यांना एकच विचारा, हंगामात सगळ्या पेट्या वाशीला एकाच दलालाकडे घालता का? नाही ना? एकाने हात वर केले तर दुसऱ्याकडून विक्रीची पट्टी येते. पासपोर्ट आणि पैसे हा तोच हिशोब.

माझी आजी बोटीने मुंबईला जायची तेव्हा पैशांच्या तीन जागा असायच्या. वाटखर्चाची चिल्लर चंचीत, सुपारीबरोबर. थोडे कनवटीला. आणि खरे पैसे परकराला आतून शिवलेल्या खिशात, ज्याची गाठ ती मुंबईला लेकाच्या खोलीत शिरल्याशिवाय सोडायची नाही. वाटेत कोणी चंची मारली असती तर दीड-दोन रुपये आणि अडकित्ता गेला असता. तुम्ही म्युनिकला नेमकं हेच करायचं आहे.

रोजची पर्स म्हणजे चंची. त्यात वीस-तीस युरो, रुमाल, गोळ्या आणि चष्मा. चष्मा खरं तर गळ्यात दोरीने अडकवा, म्हणजे तेवढ्यासाठी चेन उघडावी लागणार नाही. गेली तर गेली म्हणता येईल एवढंच तिच्यात ठेवायचं. पासपोर्ट, फॉरेक्स कार्ड (आधीच युरो भरून नेतात ते) आणि शंभरेक युरो कुडत्याच्या आत, कमरेच्या पातळ पट्ट्यात. साडी नेसणार असाल तर शिंप्याकडून परकराला चेनचा खिसा लावून घ्या. दुसरं कार्ड केबिन बॅगेच्या आतल्या कप्प्यात. फॉरेक्स कार्ड घेताना बरेचदा जोडीला दुसरं कार्ड मिळतं, मागून घ्या, आणि दोन्ही एकत्र ठेवायची नाहीत. रोकड जास्त नेऊच नका, लेक तिथे आहे. कार्डावरचा परदेशातला वापर आणि 'टॅप', म्हणजे नुसतं टेकवून पैसे देणं, दोन्ही बँकेच्या ॲपमधून चालू-बंद करता येतात. टॅप बंदच ठेवा, रोजची मर्यादा खाली आणा. प्रत्येक वेळी पिन दाबायला काय होतंय?

बाळंतपण फेब्रुवारीत, म्हणजे तुम्ही जानेवारीतच पोचाल, आणि तेव्हा तिथे बर्फ असेल. जाड कोट हा खिसेकापूंचा मित्र, बाहेरच्या खिशात हात घातलेला आपल्याला समजतही नाही. त्या खिशांत फक्त हातमोजे. पर्स कोटाच्या आत. उपाहारगृहात गेल्यावर कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावतात, आणि त्याबरोबर खिशातलं सगळंच पाठीमागे जातं, हे लक्षात असू द्या. पर्स टेबलावर किंवा खुर्चीला लावायची नाही. मांडीवर घ्या, नाहीतर खाली ठेवून पट्टा पायात अडकवा. विमानतळावर तपासणीच्या ट्रेमध्ये तुमची पर्स सगळ्यात शेवटी सोडा, तुमचा नंबर लागेपर्यंत ती पलीकडे एकटी पडून राहायला नको. विमानात ती डोक्यावरच्या कप्प्यात नको, पायाशी असू द्या. रात्री झोपलेल्या माणसांच्या डोक्यावरच्या बॅगा उघडणारेही असतात.

सोनं नेऊ नका. रोजचं मंगळसूत्र वाटलं तर बारीक घाला. बाळाचे वाळे मात्र न्याल, आजी वाळ्यांशिवाय कशी जाईल? ते चेक-इनच्या बॅगेत नाही, आपल्याजवळ. आणि साजूक तुपाची बरणी काढून ठेवा. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्याला दूधदुभत्याचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तिथलं लोणी विकत घेऊन कढवा, झकास तूप होतं.

फोन या वेळी वाचला हे तुमचं मोठं नशीब. आज पर्सपेक्षा फोन गेला तर जास्त जातं, बँक, ओटीपी, सगळ्यांचे नंबर. फोन घट्ट कुलूपबंद ठेवा, आणि स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबल्यावर जो पंधरा आकडी नंबर दिसतो तो कागदावर उतरवून घरी ठेवा. फोन गेला तर आधी सिम बंद करायचं, मग बँक. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून त्या नंबराचा फोन भारतातल्या नेटवर्कवर बंद पाडता येतो, पण तो म्युनिकमध्ये चोराच्या हातात असेल तर त्याचा लगेच उपयोग नाही. मुख्य म्हणजे, लेकीचा नंबर पाठ आहे का? आपल्या पिढीला गावातल्या दहा घरांचे नंबर तोंडपाठ होते, आता पोटच्या पोरीचा येत नाही. जर्मनीच्या ०० ४९ पासून शेवटपर्यंत पाठ करा, रोज देवाला दिवा लावताना एकदा म्हणा. आणि ११२ विसरणं शक्य नाही, आपल्याकडेही तोच आहे. युरोपभर संकटात तोच चालतो.

पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे आणि व्हिसाचे फोटो लेकीच्या फोनमध्ये, स्वतःच्या ईमेलमध्ये, आणि कागदी प्रत दुसऱ्या बॅगेत असू द्या. दोन पासपोर्ट फोटोही सोबत ठेवा. यजमानांच्या भाकितासाठी एवढी माहिती देऊन ठेवते. समजा पासपोर्ट गेलाच. पोलिसांत तक्रार द्यायची आणि भारताच्या वाणिज्य दूतावासात जायचं. म्युनिकमध्ये तो आहे, लेकीच्या गावातच. नवीन पासपोर्टला वेळ लागत असेल तर ते इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात. त्यावर एकदाच, सरळ भारतात परत येता येतं. हरवल्याचं कळवल्यानंतर जुना पासपोर्ट कुठे सापडलाच तर तो वापरायचा नाही, तो रद्द झालेला असतो. बस, एवढंच. त्रास आहे, खर्च आहे, पण तुम्ही तिथे अडकून पडत नाही आणि कोणी तुम्हाला तुरुंगात टाकत नाही.

खरी अडचण वेगळीच होऊ शकते, आणि तिच्याबद्दल तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. पाहुणे म्हणून जाणाऱ्याला शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि ऑक्टोबरातली टूरही त्याच मोजणीत येऊ शकते. तुम्ही जानेवारीच्या मध्याला जाऊन एप्रिलच्या मध्यापर्यंत राहायचं म्हणत असाल, तर तिकीट काढण्याआधी लेकीला दिवस मोजायला बसवा. चार दिवस इकडचे तिकडे झाले तर चोरापेक्षा तो हिशोब महाग पडेल.

राहिला ओटीवरचा विनोद. तुम्हीही हसता असं लिहिलंत, ते वाचून मला बरं वाटलं नाही. यजमान वाईट माणूस आहेत असं मी म्हणत नाही. कदाचित त्या दिवशी तेही घाबरले होते आणि त्यांना ते असं सांगूनच पचवता येतंय. शेजारी उभे असून दिसलं त्यांनाही नाही, आणि त्यांची पिशवी वाचली एवढ्यावर ते शहाणे ठरले. पण रोज थोडं थोडं हसून तुमचा पाय मागे घेतला जातोय, आणि लेकीच्या पहिल्या बाळंतपणापर्यंत तो पोचलाय. एकांतात, जेवण झाल्यावर, शांतपणे सांगा. 'ती गोष्ट पुन्हा माझ्यासमोर सांगायची नाही. आणि सांगायचीच असेल तर शेवटही सांगायचा, की त्याच रात्री हिने कार्ड बंद केलं.' रुसायचं नाही, रडायचं नाही, उत्तराची वाटही बघायची नाही. नंतर ताटं उचलायची. पुन्हा ओटीवर सुरू झालेच तर चहा न करता आत निघून जा, पाहुण्यांना काय ते कळेल.

आणि लेकीला सांगा. आज सांगा. पर्सचं, आणि हिंमतीचंही. तिला वाटत असेल आई येतेय म्हणजे सगळं निभेल, आणि इकडे तुम्ही दापोलीच्या बाजारातही पर्स छातीशी धरून फिरताय. तिला कळलं तर ती विमानतळावर जावयाला पाठवेल, शहरात जाणाऱ्या एस१ आणि एस८ गाड्या कुठून सुटतात ते दाखवेल, पहिल्या चार खेपा कोणीतरी सोबत येईल. पाचव्या खेपेला तुम्ही एकट्या जाऊन भाजी घेऊन याल. जायच्या आधीची तालीम इथेच करा. येत्या बाजाराच्या दिवशी दापोलीत ती पर्स छातीशी न धरता जा, कमरेला पट्टा आणि पर्समध्ये फक्त शंभर रुपये. शंभरासाठी छाती धडधडत नाही, बघा करून.

बाळ आलं की दोन ओळी टाका. वाळे बसले की मोठे झाले, तेही लिहा.